चाकुलियाच्या धावपट्टीवर एक फलक तरी लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हवाई दल दिनाच्या पुरवणीत आमच्या ग्वाल्हेरच्या महाराजपुरा तळावरच्या मिराज लढाऊ विमानांबद्दल छान लिहिलंत, बालाकोटचा उल्लेख वाचून ऊर भरून आला. पण बंद पडलेल्या तळांवर एक ओळही नाही, ते खटकलं म्हणून लिहितोय.

झारखंडातलं चाकुलिया घ्या. हावडा-नागपूर लाइनवरचं छोटं स्टेशन, आपली माणसं तिथून झोपेतच पुढे जातात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिलमध्ये, जपानशी लढायला अमेरिकेची बी-२९ ही अवाढव्य बॉम्बर विमानं इथे यायला लागली, जवळपास पियारडोबा, दुधकुंडी, खरगपूर असे आणखी तळ होते. ५ जूनला ह्याच तळांवरून जपान्यांच्या ताब्यातल्या बँकॉकवर पहिला हल्ला झाला. जपानवर जायचं तर हिमालय ओलांडून आधी चीनमधल्या चेंगडूला, आणि तिथे पेट्रोल नाही म्हणून तेही ह्याच विमानांनी वाहून न्यायचं, म्हणजे एका हल्ल्यासाठी आधी कितीतरी फेऱ्या, शिवाय नवीन इंजिनं गरम होऊन पेट घ्यायची आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, मेकॅनिक लोक ऊन उतरल्यावर काम करायचे. एवढं करून १५ जूनच्या रात्री जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर गेले तर फारच थोडे बॉम्ब निशाण्यावर पडले. पुढे पॅसिफिकमधली, जपानला जवळची मारियाना बेटं अमेरिकेच्या हातात आल्यावर १९४५ मध्ये सगळा ताफा तिकडे हलला.

ह्या बॉम्बर ताफ्याच्या कमांडचं मुख्य ऑफिस होतं खरगपूरजवळच्या हिजलीला, जिथे १९३१ मध्ये स्वातंत्र्यसैनिक कैद्यांवर गोळीबार झाला त्याच इमारतीत. १९५१ मध्ये तिथेच पहिली आयआयटी सुरू झाली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते मजुरांचं. हे तळ बांधायला सुमारे २७,००० भारतीय माणसं राबली, तेही बंगालच्या दुष्काळाच्या काळात, शेजारी माणसं अन्नावाचून मरत होती तेव्हा. विमानांचे नंबर, पायलटांची नावं सगळं अमेरिकेत जपून ठेवलंय. ह्यांचं काय? टाटानगरला नातेवाइकांकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम चाकुलियाला जाऊन आलो, मला तरी कुठे साधा बोर्ड दिसला नाही.

रेल्वेने स्टेशनवर आणि झारखंड सरकारने धावपट्टीपाशी एक फलक लावावा, त्यावर ह्या मजुरांचा उल्लेख आधी हवा. आणि तुम्ही रविवारच्या अंकात अशा तळांवर एक सदर सुरू करा. त्या भागातले जे मराठी वाचक आहेत त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं लिहून पाठवावं, लवकर, कारण ते दिवस पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर