चिमीचा बर्लिनमधला उन्हाळा

बर्लिन,
६ जुलै

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, मागच्या रविवारी फोनवर बाबांनी जे विचारले त्याचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. "ना अंगण, ना ओसरी, ना वाड्यातल्या मुलांचा गलका, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती पोर कोंडून पडत असेल," असे तुम्ही म्हणालात आणि ते काळजीपोटीच म्हणालात, हे मला ठाऊक आहे. फोनवर चिमी मध्येच बोलायला लागते, आवाज तुटतो आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून तिचा यंदाचा उन्हाळा कसा चालला आहे, ते आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी उजेडाविषयी सांगते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहे. बर्लिन उत्तरेकडे साडेबावन्न अंशांवर असल्यामुळे जूनच्या अखेरीस इथे सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. उलट डिसेंबरात दुपारचे चार वाजायच्या आतच अंधार पडतो. हिवाळ्याचे ते महिने ज्यांनी खिडकीत दिवे लावून काढलेले असतात, ती माणसे उन्हाळ्याची एकही संध्याकाळ घरात बसून घालवायला तयार होत नाहीत, आणि आता आम्हीही त्यांच्यासारखेच झालो आहोत. पाचच्या सुमारास चिमीला बालवाडीतून घेतले की आम्ही घरी न येता परस्पर बाहेरच जातो. पोळीच्या गुंडाळ्या, काकडीचे काप आणि पाण्याची बाटली सकाळीच पिशवीत भरलेली असते, आणि रात्रीचे जेवण बहुतेक वेळा गवतावरच होते. घरी आल्यावर जाड पडदे ओढून "रात्र झाली" असे तिला पटवून द्यावे लागते, तेवढे एक काम मात्र वाढले आहे.

आमच्या नॉयकोल्न भागात थोडे चालले की मुलांचे एखादे तरी मैदान लागते, आणि ही मैदाने घसरगुंडी व दोन झोपाळे एवढ्यावर भागवलेली नसतात. आम्ही जिथे नेहमी जातो तिथे वाळूच्या मोठ्या हौदात मुलांच्या उंचीचा एक पंप बसवला आहे. एक मूल दांडा मारते, दुसरे लाकडी पन्हळीतून पाणी वळवते, तिसरे वाळूचा बांध घालते आणि चौथे तो फोडते. चिमी घरी येते तेव्हा केसांच्या मुळापर्यंत वाळू असते. दोरखंडांच्या उंच जाळीवर चारपाच वर्षांची मुले सरसर चढतात आणि आईबाप बाकावर बसून नुसते पाहत असतात. "उतर, पडशील" असा आवाज क्वचितच ऐकू येतो. माझा जीव अजूनही वरखाली होतो, पण कोठे हात धरायचा आणि कोठे पाय टेकायचा हे तिचे तिला समजू लागले आहे, ते मी डोळ्यांनी पाहते आहे, आणि ही पद्धत मला मनापासून पटली आहे. पडलीच तर खाली वाळूचा जाड थर असतो.

बाबा, तुम्हाला सर्वांत आवडेल ती गोष्ट आता सांगते. या शहरात रस्त्यांच्या कडेला अजून हापसे आहेत, आणि एकदोन नव्हेत, सुमारे २,०००! नळ बंद पडले, वीज गेली, काही संकट आले तर लोकांना पाणी मिळावे म्हणून ते राखून ठेवलेले आहेत. जुने हापसे बिडाचे, हिरव्या रंगाचे आणि नक्षीदार आहेत. पिण्यासाठी ते पाणी एरवी वापरत नाहीत, पण उन्हाळ्यात त्याचा फार चांगला उपयोग होतो. गेल्या काही वर्षांत इथे पाऊस कमी पडून रस्त्यावरची झाडे सुकू लागली, तेव्हा लोकांनी आपापल्या दारासमोरच्या झाडाला पाणी घालायला सुरुवात केली. त्यासाठी शहरातल्या झाडांचा एक नकाशा इंटरनेटवर आहे. आपल्या झाडावर बोट ठेवले की ते कोणत्या जातीचे आहे आणि अलीकडे पाऊस किती पडला हे दिसते, आणि आपण पाणी घातल्याची नोंद तिथेच करता येते.

आमच्या दारासमोर एक तरुण लिंडन आहे. चिमीने ते आपले मानले आहे. संध्याकाळी ती लाल बादली घेऊन हापशाशी जाते, दोन्ही हातांनी दांड्याला लटकते आणि तिचे पाय जमिनीवरून सुटतात. दांडा हळूहळू खाली येतो, ती पाय टेकते, पुन्हा उडी मारते. पहिले काही हात कोरडेच जातात, आत नुसती घरघर होते, मग एकदम गार पाण्याचा लोट येतो आणि बादलीपेक्षा तिच्या चपलाच जास्त भरतात. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांच्याशी आमचे पूर्वी "नमस्कार" यापलीकडे बोलणे नव्हते, त्या आता झारी घेऊन खाली येतात आणि दोघी मिळून झाडाला पाणी घालतात. पाणी भसकन ओतले तर ते वाहून जाते, थोडे थोडे घालून मुरू द्यायचे, हे त्यांनीच तिला शिकवले. आई, तू तुळशीला घालतेस तसे चिमी आता झाडाभोवती फिरत पाणी घालते. हे तिला कोणी सांगितलेले नाही, गेल्या दिवाळीत तुझ्याकडे पाहिलेले तिच्या लक्षात राहिले असावे.

शनिवारी-रविवारी आमचा मुक्काम बहुधा टेम्पलहोफच्या माळावर असतो. हा पूर्वीचा विमानतळ. २००८ साली तो बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी उघडला. तीनशे हेक्टरांहून मोठी मोकळी जागा, भर वस्तीत, आणि तिच्या मधोमध दोन-दोन किलोमीटर लांबीच्या दोन धावपट्ट्या तशाच ठेवलेल्या. ज्या डांबरावरून विमाने उडत होती त्यावर चिमी आता तीनचाकी पळवते आणि मागे वळून "मी उडाले का?" असे विचारते. कडेच्या जागेत घरे बांधावीत असा शहराचा बेत होता, पण २०१४ साली सार्वमत झाले आणि लोकांनी तो फेटाळला. इथे भाड्याचे घर मिळवताना काय यातायात होते ते आम्ही अनुभवले आहे, त्यामुळे घरे बांधा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही मला कळते. तरीसुद्धा एवढे आकाश मुलांसाठी राखले गेले याचा मला फार आनंद आहे. गवताचा काही भाग उन्हाळ्यात दोरी लावून बंद ठेवतात, कारण तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात. ते वर चढत गात असतात तेव्हा आवाज नेमका कोठून येतो ते शोधायला चिमी गवतावर उताणी पडते.

त्या विमानतळाची एक गोष्ट मी तिला सांगितली आणि आता ती रोज मागते. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग अडवले, तेव्हा जवळजवळ वर्षभर लाखो लोकांचे धान्य आणि कोळसा विमानांनी आणावा लागला. त्यांतली कित्येक विमाने इथेच उतरत. कुंपणाशी उभ्या राहून पाहणाऱ्या उपाशी मुलांना गेल हॅलव्हरसन नावाच्या एका अमेरिकन वैमानिकाने सांगितले की, उद्या मी तुमच्यासाठी गोड खाऊ टाकीन, आणि माझे विमान ओळखू यावे म्हणून पंख हलवीन. त्याने खरोखरच हातरुमालांच्या छोट्या हवाई छत्र्या करून त्यांना चॉकलेटे बांधली आणि खाली सोडली. पुढे इतर वैमानिकही तसे करू लागले. हे गृहस्थ शंभरी ओलांडून २०२२ मध्ये वारले. चिमीने तुमच्या जुन्या रुमालाला चार दोरे बांधून घेतले आहेत आणि त्याला बेदाण्याची पुडी लटकवून ती बाकावर उभी राहून तो सोडते. खाली झेलायला मी उभी असते.

पाण्याचे म्हणाल तर शहराच्या आसपास तळीच तळी आहेत. वानझे हे त्यांतले मोठे. लोकलने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येते. तिथला स्नानाचा किनारा १९०७ पासून लोकांसाठी खुला आहे. सव्वा किलोमीटर लांब वाळू, वेताच्या छपरी खुर्च्या, आणि पाणी आत बरेच दूरपर्यंत उथळ, त्यामुळे लहान मुलांना घेऊन बसायला निर्धास्त वाटते. चिमी अजून कमरेपर्यंतच्या पाण्यातच असते. पुढच्या वर्षी तिला पोहण्याच्या वर्गात घालणार आहोत. इथे मुलांना पोहण्याचा पहिला बिल्ला मिळतो त्यावर समुद्रघोड्याचे चित्र असते, आणि तो मिळवायला काठावरून पाण्यात उडी मारून पंचवीस मीटर पोहावे लागते, शिवाय खांद्याइतक्या पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू हाताने वर आणावी लागते. बाबा, तुम्ही मला कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलेत आणि एके दिवशी न सांगता डबा सोडलात, ते मी तिला सांगितले आहे. आजोबांनी आपल्यालाही तसेच शिकवावे असा तिचा हट्ट आहे.

वानझेच्या धक्क्यावरून पलीकडे क्लाडो गावापर्यंत एक बोट जाते. वीस मिनिटांची ही जलसफर बस-रेल्वेच्या साध्या तिकिटावरच होते, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना तर बस, रेल्वे, बोट यांपैकी कशालाच तिकीट नाही. बाबा, तुम्हाला आमच्या खर्चाचीही काळजी असते म्हणून हे मुद्दाम लिहिले. इथे चिमीच्या वयाच्या सर्व मुलांच्या बालवाडीचीही फी २०१८ पासून माफ आहे, फक्त जेवणाचे थोडे पैसे भरावे लागतात. तिच्या उन्हाळ्यातला सर्वांत मोठा नियमित खर्च आइस्क्रीमचा आहे.

उन्हाळा नुसता सुखाचा असतो असेही नाही. पारा पस्तिशीपलीकडे गेला की ही घरे तापतात, कारण ती थंडी अडवण्यासाठी बांधलेली आहेत. छताला पंखे नाहीत. अशा दिवशी पहाटे खिडक्या उघडायच्या, नऊला बंद करून पडदे ओढायचे आणि दुपारी निसर्गविज्ञानाचे संग्रहालय गाठायचे, असा आमचा क्रम ठरला आहे. तिथे मधल्या दालनात जिराफाटायटन या डायनासोरचा सव्वातेरा मीटर उंच सांगाडा उभा आहे. त्याची हाडे १९०९ ते १९१३ या काळात आजच्या टांझानियातल्या तेंडागुरू येथे खणून काढली. चिमी त्याच्या पायाशी मान मागे टाकून उभी राहते आणि तो काय खात असे, पाणी कसे पीत असे, त्याची आई किती मोठी होती, हे सगळे विचारून घेते. परदेशी भूमीतून आणलेली ही हाडे इथे का आहेत, हे तिला थोडी मोठी झाल्यावर सांगणार आहे.

आता माझी विनंती. पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी मे महिन्याच्या अखेरीस इकडे यावे. पर्यटकांच्या व्हिसावर नव्वद दिवस राहता येते, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत निवांत मुक्काम होईल. बाबांच्या गुडघ्यांचा विचार मी केला आहे. आमच्या घराला लिफ्ट नाही, ही एकच अडचण आहे, म्हणून तेवढ्या काळासाठी जवळच तळमजल्यावर एखादी जागा मिळते का ते आम्ही आतापासून पाहत आहोत. बाहेर जागोजागी बाक आहेत, बसचा दरवाजा फुटपाथच्या पातळीला येतो, आणि शंभर नंबरच्या दुमजली बसमध्ये खालच्या मजल्यावर बसूनही ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापासून संसद भवनापर्यंत सारे आरामात पाहता येईल. वरच्या मजल्यावरची पुढची जागा चिमीने आपल्या आजीसाठी राखून ठेवली आहे.

पासपोर्टची मुदत कधी संपते ते तेवढे या आठवड्यात पाहून कळवावे. नूतनीकरण करायचे असल्यास दादा कागदपत्रे करून देईल, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. आई, तू येताना लोणच्या-पापडांचे ओझे बांधू नकोस, इथे सगळे मिळते. चिमीसाठी दोन सुती झबली मात्र शिवून आण, मापे मी पुढच्या पत्रात पाठवते. काका-काकूंना नमस्कार सांगावा. पाऊसपाणी कसे आहे, कृष्णेची पातळी किती वाढली, ते लिहावे.

तुमची लेक