माती विकत आणू नकोस म्हणणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

शि. सा. नमस्कार.

तुम्ही कायमच्या कोकणात राहायला गेलात, त्या दिवशी टेम्पो, सामान आणि भेटायला आलेली माणसं यांत तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण डोंबिवलीत ग्रिलमध्ये झाडं लावायची हौस असलेली, पण एका पगारात महिना बसवणारी आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. तुम्ही मला शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

पहिले आभार मातीचे. कुंड्या, लाल माती आणि खताच्या पिशव्यांचा हिशेब कागदावर मांडल्यावर मी हा नाद सोडणारच होते. तुम्ही तो कागद बाजूला ठेवलात आणि म्हणालात, माती विकत आणू नकोस, घरातच होते. मग मला घेऊन कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेलात. उसाची चिपाडं रसवंतीवाल्याला टाकूनच द्यायची होती. ती गोड असतात, मुंग्या येतात, म्हणून एक रात्र पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवायची, हे तुम्ही सांगितलंत. सोसायटीच्या आवारातल्या बदामाची सुकी पानं झाडूवाल्या मावशी जाळायच्या आधी आपण पोत्यात भरून ठेवली. तळाला नारळाची सोडणं, त्यावर चिपाडं आणि पालापाचोळा, मग भाजीची देठं-सालं, पुन्हा सुका पाला आणि सगळ्यात वर जेमतेम दोन बोटं माती. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला हवाच, हा तुमचा नियम मी अजून मोडलेला नाही. वास येऊ लागला की सुकं कमी पडलंय असं समजायचं आणि वर्तमानपत्राचे तुकडे टाकून हलवायचं. दोन-तीन महिन्यांत खालून काळं, भुसभुशीत खत निघतं. चहाचा चोथा मात्र धुऊनच टाकायचा, दूध-साखरेचा अंश राहता कामा नये.

ही रीत हलकी आहे, आणि ग्रिलसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. नुसती ओली माती भरलेले डबे बाहेर टांगायला तुम्ही कधीच दिले नाहीत. जड असेल ते आत, भिंतीलगत. प्रत्येक डब्याखाली जुनी ताटली, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडणार नाही. बाग आपली असली तरी त्रास शेजाऱ्याला नको, हे तुम्ही न रागावता शिकवलंत.

तुम्ही कोल्हापूरला असताना श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाबद्दल, ऐकलं होतंत. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना सांगायचा की स्वतः करून बघा, नोंदी ठेवा आणि जे कळलं ते दुसऱ्याला सांगा. तुमच्या नोंदी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर असायच्या: काय कधी पेरलं, माव्याची कीड कधी आली, काय फवारलं. जाताना तो गठ्ठा तुम्ही मला दिलात. त्यासाठी कसे आभार मानू, मला खरंच कळत नाही.

डब्यांचं तर काय सांगू! मासळी बाजारातून आणलेले थर्माकोलचे खोके आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत सगळ्यात उपयोगी पडले, कारण एप्रिल-मेच्या उन्हातही त्यांत मुळं तापत नाहीत. पंधरा किलोचा तेलाचा डबा मात्र तापतो, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळायचं. रंगाच्या बादल्यांत खायचं काही लावायचं नाही, तिथे जास्वंद. दुधाच्या पिशव्या धुऊन, खालचे कोपरे कापून त्यांत रोपं. पावसाळ्याआधी सगळ्यांची तळाची भोकं तपासायची आणि वर करवंटीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही. जुन्या सुती साडीची सावली, आणि तिच्याच काठाच्या पट्ट्या दोडक्याच्या वेलाला.

बीसुद्धा तुम्ही स्वयंपाकघरातूनच काढलंत. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करायचे, रात्रभर भिजवून पेरायचे. मेथी डब्यातली. पुदिना जुडीच्या काड्यांपासून, गवती चहा मुळाच्या एका गड्ड्यापासून, मायाळू नुसत्या फांदीपासून. या सगळ्यावर घर चालत नाही, आणि चालेल असं तुम्ही कधी म्हणालाही नाहीत. पण कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता आणि पावसाळ्यात अळू यांच्यासाठी आता मी बाजारात जात नाही. महिनाअखेरीला ते जाणवतं. आणि माझी मुलगी, जी पालेभाजी ताटात बाजूला सारायची, ती स्वतः पेरलेला लाल माठ मागून खाते. तिने दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाला पुदिन्याच्या काड्याही नेऊन दिल्या, कशा लावायच्या ते सांगून.

पिठ्या ढेकूण यंदा जास्वंदीवर पुन्हा आलाय. तुमच्या नोंदीप्रमाणे लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारतेय, फरक दिसतोय.

एक मागणं आहे. तुमच्या परसातलं गावठी पडवळाचं बी मृगाच्या आधी कुणी इकडे येणारं असेल तर त्यांच्याबरोबर पाठवा. इथून मी गवती चहाचे गड्डे देईन. काकांना नमस्कार सांगा.

तुमची,
समोरच्या दारातली