तोतरं पात्र लिहिताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या एकांकिका स्पर्धांचे दिवस आहेत. परवा आमच्याकडच्या प्राथमिक फेरीत एका एकांकिकेतला शिपाई तोतरा होता. तो प्रत्येक एंट्रीला ‘सा-सा-सा-साहेब’ म्हणायचा, हशा वसूल करायचा आणि निघून जायचा. मी जन्मभर तोतरी बोलत आले आहे. लोक हसले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते लेखकाने कुणा तोतऱ्या माणसाचं बोलणं कधी नीट ऐकलेलंच नाही याचं.

मला अठराव्या शतकाचं वेड आहे. आपल्याकडे ते शतक म्हणजे पेशवाई. माझीही सुरुवात तिथूनच झाली, पण पुढे फ्रान्सपाशी पोचले आणि तिथेच रमले. त्याला कारण फ्रेंच राज्यक्रांतीतला एक माणूस, कामीय देमुलँ. पानिपतच्या आदल्या वर्षी, २ मार्च १७६० रोजी, पिकार्डीतल्या गीझ गावी तो जन्मला. पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ शाळेत, पुढे क्रांतीचा बडा पुढारी झालेला रोबेस्पिएर त्याच्याबरोबर होता. पुढे कामीय वकील झाला, पण बोलताना अडखळायचा, त्यामुळे वकिलीत त्याचा जम बसला नाही.

१२ जुलै १७८९, रविवार. अर्थमंत्री नेकेर लोकांचा लाडका. त्याला राजाने काढून टाकल्याची बातमी पॅरिसला पोचली. पाले-रोयालच्या बागेत फुआ कॅफेसमोर हा अडखळणारा वकील टेबलावर चढला आणि शस्त्रं हाती घ्या म्हणाला. लोकांनी झाडांची हिरवी पानं ओरबाडून टोप्यांत खोवली. दोन दिवसांनी बॅस्टिलचा किल्लावजा तुरुंग लोकांच्या हाती पडला आणि क्रांती पेटली.

हा प्रसंग रंगवणारे बहुतेक जण सांगतात की त्या क्षणी त्याचं तोतरेपण गळून पडलं. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. मोठ्याने ओरडताना अडखळणं कधी कधी कमी होतं, हे मी स्वतःच्या गळ्यावरून सांगू शकते. तसं त्याचंही झालं असेल. पण लेखक ते धैर्याचं बक्षीस म्हणून देतात. धैर्याने जीभ मोकळी होत असती, तर उरलेल्या दिवशी अडखळणारे आम्ही सगळे भित्रे ठरलो असतो. कामीय १३ जुलैला अडखळत होता, आणि पुढेही अडखळतच राहिला. टेबलावर तो चढला तो आपली जीभ दगा देऊ शकते हे माहीत असूनच.

त्याच्याबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी छोटी आहे. बोलायला सुरुवात करण्याआधी तो ‘ओं, ओं’ असा सूर लावायचा, आणि त्याची बायको लुसील त्याला त्याच नावाने लाडाने हाक मारायची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. मी ‘म्हणजे’ लावते. पहिला शब्द निघत नाही म्हणून आधी एक ‘म्हणजे’ ढकलायचा आणि त्याच्या पाठोपाठ वाक्य बाहेर काढायचं. लेखकांना हवं ते हे आहे, ‘सा-सा-सा’ नव्हे. कित्येकदा तर आवाजच येत नाही, तोंड उघडं राहतं आणि समोरचा आपलं वाक्य घाईने पुरं करतो, तेही चुकीचं. ‘पाणी’ अडलं की आम्ही ‘तहान लागलीय’ म्हणतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो, म्हणून शाळेची हजेरी आणि फोन ही आमची कठीण ठिकाणं. आरतीत, पाढ्यांत, मांजराशी बोलताना जीभ कुठेच अडत नाही. आजीने वेखंड उगाळून जिभेवर पुष्कळ लावलं, पण दोष जिभेत नव्हताच. मेंदूतून बोलणं उमटतं त्या रचनेत थोडा फरक असतो, तो बराचसा आनुवंशिकही असतो, एवढं आता कळलं आहे.

त्याच काळातलं आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. इंग्लंडमधले वैद्य आणि कवी इरॅस्मस डार्विन स्वतः तोतरे होते, त्यांचा मुलगाही. काही काळ इंग्रजी बोललाच नाही तर सवय सुटेल, या आशेने त्यांनी मुलाला आठेक वर्षांचा असताना शिक्षकाबरोबर फ्रान्सला पाठवलं. पुढे तो फ्रेंच बोलताना कधी अडखळला नाही, इंग्रजीतलं अडखळणं मात्र गेलं नाही. एवढ्यावर एक अख्खं नाटक उभं राहील! प्राणवायू शोधणारे प्रीस्टली तोतरे होते आणि तरी प्रवचनं द्यायचे. एलिझाबेथ इंचबाल्ड तोतरी असून अभिनेत्री व्हायला लंडनला गेली आणि नामवंत नाटककार झाली. यातलं कोणीही हशासाठी जन्मलं नव्हतं.

कामीयकडे हजरजबाबीपणाही होता. १७९३ च्या डिसेंबरात त्याने ‘व्ह्यो कोर्दलिए’ हे वृत्तपत्र काढून दहशतीच्या राजवटीत, म्हणजे क्रांतीचं सरकार विरोधकांना सर्रास गिलोटिनवर पाठवत होतं त्या काळात, दयेची मागणी केली. ७ जानेवारी १७९४ ला क्रांतिकारकांच्या जॅकोबिन क्लबात रोबेस्पिएर म्हणाला, ते अंक जाळून टाका. रोबेस्पिएर ज्याला गुरू मानायचा त्या विचारवंत रूसोचंच वाक्य कामीयने त्याच्यापुढे टाकलं, जाळणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. हे तो अडखळत म्हणाला की सलग, याची नोंद माझ्या वाचनात नाही. मी लिहीत असलेल्या एकांकिकेत तो ‘जाळणं’ या शब्दापाशी अडतो, सभागृह थांबतं, आणि कोणीही त्याचं वाक्य पुरं करत नाही. ५ एप्रिलला त्याला गिलोटिनवर नेलं, आठ दिवसांनी लुसीललाही.

शंभरात साधारण एक माणूस तोतरा असतो, म्हणजे भरलेल्या नाट्यगृहात आमच्यापैकी काही जण असतातच. लेखक-दिग्दर्शकांना माझी विनंती आहे की तोतरं पात्र जरूर लिहा, त्याला प्रेमात पाडा, खोटं बोलायला लावा, खलनायक करा, पण तालमी सुरू होण्याआधी एखाद्या तोतऱ्या माणसाला संहिता वाचायला द्या. पुण्या-मुंबईत अशा लोकांचे स्वयंसाहाय्य गट आहेत, तिथे एक संध्याकाळ जाऊन बसा. स्पर्धेच्या परीक्षकांनीही अशा पात्राला गुण देताना त्या नटाने कुणाचं बोलणं ऐकून भूमिका बसवली हे त्याला विचारावं.

– एक हौशी नाट्यलेखिका, सांगली