शिसे आणि मुलांचा मेंदू

महोदय,

पेट्रोलमधील शिसे २००० साली देशभरातून हद्दपार झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली, म्हणून प्रश्न मिटला असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात जुन्या भिंतींचे पोपडे, भंगारात फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या आणि भेसळीची हळद यांतून ते आजही मुलांच्या पोटात जाते, आणि मुलांचे शरीर ते प्रौढांच्या चार-पाच पट शोषून घेते.

पुढे काय घडते, याविषयी फारसे बोलले जात नाही. शिकणे आणि स्मरण ज्यांच्यावर अवलंबून असते ते मेंदूतील एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणारी दारे, एरवी ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा संदेश मिळताच उघडतात आणि कॅल्शियम पेशीत येऊ देतात; शिसे नेमके हेच दार अडवते, त्यामुळे हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मरणाशी निगडित भागातील पेशींच्या जोडण्या पुरेशा बळकट होत नाहीत. मूल वरून ठणठणीत दिसते. ‘अभ्यासात लक्ष नाही’ ही बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात!

शिशाची सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शालेय आरोग्य तपासणीत निदान भंगार-वस्त्यांजवळच्या मुलांच्या रक्तातील शिशाची चाचणी समाविष्ट व्हावी, ही विनंती.

— एक वाचक