तुझा फॉर्म भरायला बसलो होतो

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून रागानं लिहितोय असं समजू नकोस. उद्या सकाळच्या गाडीनं दाजी पुण्याला निघालेत. त्यांच्याबरोबर डबा पाठवतोय, त्यात हे कागद घालतो. मागच्या बाजूला जुनी जॉबकार्डं छापलेली आहेत, तिकडं लक्ष देऊ नकोस.

तुमचा पिक्चर बघितला. पिक्चर म्हणजे पिक्चरची सुरुवात, दोन मिनिटं चार सेकंद. खाली अभिप्रायाचा फॉर्म. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. 'पप्पा, बघा' एवढं तरी लिहायचं होतंस. असू दे. फॉर्म भरायला बसलो. पहिलाच प्रश्न वयोगटाचा. पोरांसाठी तीन-तीन खाने, आणि शेवटी 'चाळीसच्या वर' अशा एकाच खान्यात माझ्यापासून आक्कापर्यंत सगळ्यांना कोंबलंय. केली टिक. कुठलं सर्टिफिकेट द्याल? 'यूए १६+' केलं. मग चौथ्या प्रश्नाला अडकलो. मला लिहायचंय ते त्या चौकोनात मावेना.

त्या रात्रीबद्दल काही लिहिणार नाही असं तुझ्या मम्मीला कबूल करून बसलोय. पिक्चरबद्दलच लिहितो.

सुरुवात झकास. घाटावरची दीपमाळ, तिच्यामागं तो पिवळा दिवा, आणि पायऱ्या उतरणारे नुसते पाय. चेहरा दाखवायची घाई केली नाहीत हे फार बरं केलंत. नावं पायऱ्यांच्या कडांवर बसवायची कल्पना कुणाची? 'दिग्दर्शन आणि कॅमेरा' याच्याखाली तुझं अख्खं नाव आलं, मधे माझं धरून. मम्मीनं तिथं तीनदा थांबवायला लावलं. ती म्हणते तिसऱ्यांदा मीच थांबवलं. तिच्या म्हणण्यावर जाऊ नकोस.

एक चूक सापडली. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला ती पोरगी डावीकडून उजवीकडं चाललीय, आणि पुढच्याच शॉटमध्ये उजवीकडून डावीकडं. मला वाटलं परत फिरली. दिवाळीत तूच मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर शिकवलं होतंस की: दोन वाट्या समोरासमोर ठेवल्यास, त्या बोलणारी दोन माणसं. पेला म्हणजे कॅमेरा. वाट्यांच्या मधून एक रेघ धरायची आणि पेला रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा, १८० अंशांच्या आत. पलीकडं नेला की दोघांची तोंडं एकाच दिशेला झालेली दिसतात. मी मुद्दाम पेला पलीकडं सरकवला तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. आणि आता घाटावर स्वतःच पलीकडं गेलीस! पाणी होतं ना त्या बाजूला. रेघ ओलांडायला तुला पाण्याच्या कडेला जावं लागलं असणार. शेवटच्या पायरीवर. पाठ पाण्याकडं करून.

जाऊ दे. पुढं.

कॉलेजात पहिल्या सत्रात तुमच्याकडून तो छोटा सराव करून घेतला होता. दार उघडायचं, खोली ओलांडायची, समोरच्याच्या पुढ्यात खुर्चीवर बसायचं, दोन वाक्यं बोलायची. त्यात बाहेरून कडी उजव्या हातानं धरली होती आणि आत येताना दार डाव्या हातानं ढकललं होतं. आठवतंय? तुमच्या लेखी मूल्यमापनात शेवटचा प्रश्न आहे ना, त्या सरावापासून इथवर काय शिकलात म्हणून. तेव्हा हात बदलला होता, आता फक्त दिशा बदलली. लिही तसं. पायातून पायात होणारी कट यावेळी इतकी बेमालूम आहे की मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळली.

डब्याचा क्लोजअप उत्तम. ती झाकण काढते, बघते, परत लावते आणि आपल्याला काही दाखवत नाही. आमची माना पुढं काढून वाट लागली. फक्त तो आक्काचा मिश्रीचा डबा आहे, आणि आक्का आठवडाभर तो शोधतीय. मी बोललेलो नाही. दाजींच्या हाती परत पाठव.

पण तिथं तू कट फार लवकर म्हणालीस. हात डब्यापर्यंत पोचायच्या आत शॉट संपतो. आमच्याकडं फाउंड्रीत बिडाचा माल थंड होताना आकसतो, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न, साच्यासाठीचा लाकडी नमुना, तेवढा मोठाच करावा लागतो. मापाला माप केला तर जॉब कमी भरतो. तसंच कर. प्रत्येक शॉट आधी चार सेकंद आणि नंतर चार सेकंद जास्त चालू ठेव. कापायला तुझ्या हातात काहीतरी राहू दे.

आता ते मूल्यमापन. तू मम्मीला तपासायला पाठवलंस, तिनं मला दाखवलं, तिच्यावर रागवू नकोस. त्यात सहा ठिकाणी 'वेळेअभावी' आहे. मी मोजलं. मनू, आमच्याकडं जॉब रिजेक्ट झाला की कारण लिहावं लागतं. 'वेळ कमी होता' लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकतो. ब्लो होल आहे, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, अमुक फेसवर, इतक्या मिलिमीटरचं. किंवा साच्यातला कोअर सरकला. कुठं आणि कशामुळं, एवढंच. 'लाइटिंग आणखी चांगलं करता आलं असतं' हे कुणालाही लिहिता येतं. बत्ती मागून होती, पुढं थर्माकोल धरायला माणूस नव्हता, म्हणून मोबाइलनं उजेड ओढला आणि काळ्या भागात मुंग्या आल्या, असं लिही. चूक नीट सांगितली की मार्क जात नाहीत, मिळतात. निदान मिळायला पाहिजेत.

बघ, लेक्चर सुरू झालं. तुझी आई आतून म्हणतीय, पत्र आहे का इन्स्पेक्शन रिपोर्ट. माफ कर.

पाचवा प्रश्न: थरार कुठं वाढतो? खरं सांगू, संगीत सुरू झालं आणि माझी भीती गेली. धाडकन वाजलं की माणूस दचकतो, पण दचकणं आणि भिणं वेगळं. भीती कशी येते हे तुला कुणी शिकवायची गरज नाही, तू ती बघितलीयस. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्या पेठेत पाळण्यातल्या पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं कळलं, मग मोबाइलवर तासातासाला नुसते आकडे. पन्नाशी ओलांडली तशी बॅटरी संपली. लाइट नव्हती. तू बारा वर्षांची, जिन्याच्या पाचव्या पायरीवर टॉर्च घेऊन बसलेलीस. मी वर माळ्यावर धान्य चढवत होतो आणि तू खालनं सांगत होतीस, "पप्पा, दुसरी गेली." बऱ्याच वेळानं, "तिसरी गेली." आवाज अजिबात चढलेला नाही, शाळेत हजेरी द्यावी तसा. पाण्याला कसलाच आवाज नव्हता. फक्त खालच्या खोलीत रिकामं सिलिंडर तरंगत होतं ते भिंतीला लागायचं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

तुमच्या पिक्चरला ते टक् पाहिजे होतं.

"चौथी गेली" म्हणालीस तेव्हा मी धान्य टाकून खाली आलो. तुझी टाच ओली होती. तू म्हणालीस, मी बघत होते की पप्पा, उठणारच होते.

पायऱ्या मोजणारी पोरगी आहेस तू, मला माहीत आहे. तरी सांगतो, जानेवारीत पाणी उतरलेलं असतं म्हणून घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि शेवाळ त्यांनाच असतं. दिवसा हिरवं दिसतं, रात्री दगड वाटतो. एवढं सांगून हा विषय बंद.

संगीताऐवजी तुम्ही कुत्री ठेवलीत तिथं मात्र अंगावर काटा आला. रविवारच्या पुरवणीत एकदा वाचलं होतं, बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये, १९२५ च्या, अंधारातली झोपडी आणि रडणारं कुत्रं आहे. मूकपट तो! आवाज नाहीच, आणि बघणाऱ्याला कुत्रं ऐकू आल्याचं लक्षात राहिलं. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा खांब तू लहानपणी बघायचीस आणि विचारायचीस की हा नळ आहे का. तो त्यांच्यासाठी. आडनाव मेस्त्री, आपल्यासारखेच लाकडाशी खेळणारे. कॅमेरा बाहेरून मिळेना तर इथंच बसून बनवला. आबा सांगायचे ते जयप्रभा स्टुडिओत मावळा म्हणून उभे राहिल्याचं. तालमीतली सगळी पोरं जायची, दाढ्या लावून. आबांचा पिक्चर आपण कधी शोधला नाही. शोधला तरी गर्दीत दाढीतला माणूस कसा ओळखणार?

त्याच बाबूरावांच्या १९२० च्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी काम केलं. बायकांनी पडद्यावर यायचा काळ नव्हता तो. त्यांच्या मागं घरात कोण काय बोललं असेल, कुणी दारात उभं राहून आरडाओरडा केला असेल का, असलं काहीतरी या आठवड्यात माझ्या डोक्यात येत राहतंय.

कारण तुझ्या मूल्यमापनातलं तिसरं उत्तर मी दोनदा वाचलं. थ्रिलरमध्ये रात्री एकटी मुलगी दिसली की तिचं वाईट होणार असं सगळे धरूनच चालतात, आमच्या पिक्चरमधली मुलगी घाबरलेली नाही, तिच्याजवळ गुपित आहे, असं लिहिलंयस. वाचून गप्प बसलो. पावणेएक वाजता ॲक्टिव्हाला किक मारताना मीही तेच धरून चाललो होतो.

आता आलोच आहे तिथं तर बोलतो. मम्मीला काय सांगायचं ते बघू.

साडेअकराला येतो म्हणाला होतात. सव्वाबाराला तुझा फोन बंद. मी घाटावर उतरलो तेव्हा मला कॅमेरा दिसला नाही, पोरं दिसली नाहीत, बत्ती दिसली नाही. एकदम खाली, पाण्याला लागून, तुझं ते निळं जॅकेट दिसलं. पाठ पाण्याकडं. आणि तू मागं सरकत होतीस. फ्रेम बघत. एक पाऊल, अजून अर्धं.

त्यानंतर तुझ्या मित्रांपुढं जे बोललो ते बोलायला नको होतं. ती नागपूरची पोरगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडं बघायलाही भीत होती. तू चहा न पिता सहाच्या गाडीनं गेलीस. मम्मीनं केलेली थालीपीठं मी दुपारी खाल्ली, गार.

आणि मग पिक्चरमध्ये एक मिनिट एक्केचाळीस सेकंदाला ते आलं. कुत्री थांबतात. लांबून, वरून, एका पुरुषाचा आवाज: "मनेऽऽऽ!" आणि ती पोरगी गर्रकन मागं वळते. पहिल्यांदा बघताना मला माझा आवाज ओळखू आला नाही. माझ्याही छातीत धस्स झालं, हा कोण माणूस म्हणून. मम्मी म्हणाली, अहो, तुम्ही. परत लावलं. ती पोरगी वळते तेव्हाचे तिचे डोळे, ते काम करून येणारे डोळे नव्हेत. बिघडलेला टेक तू ठेवलास. दोन मिनिटांतला सगळ्यात चांगला शॉट तो आहे, हे मी प्रेक्षक म्हणून लिहितोय. बापाला विचारशील तर बाप तो शॉट परत बघत नाही.

सातवा प्रश्न तिथलाच. 'हाक मारणारा माणूस कोण वाटतो?' पाठलाग करणारा, वडील, पोलीस, सांगता येत नाही. मम्मी म्हणाली, तुझ्या वर्गातल्या बहुतेकांनी पहिल्यावर टिक केलीय. मी दुसऱ्यावर करायला गेलो. मग पोरीचे डोळे आठवले आणि बोट मागं घेतलं. तो प्रश्न रिकामा राहिलाय. फॉर्म सबमिट होत नाही, लाल अक्षरं येतात.

रीशूटला पुढच्या महिन्यात येणार असं मम्मीकडून कळलं. या. मी वरच्या कठड्यावर बसेन, खाली येणार नाही, बोलणार नाही. थर्माकोल धरायला माणूस लागला तर हाक मार. शेवटच्या दोन पायऱ्या मी संध्याकाळी आधी जाऊन खराट्यानं घासून ठेवतो, त्याला काही कुणाची परवानगी लागत नाही.

कॅमेऱ्यासाठी ट्रॉली करायला घेतलीय. अठरा एमएमचं प्लाय, खाली बेअरिंगांची चाकं, दोन पाइपांवर चालते. कारखान्यातल्या पोरांनी विचारलं, पॅटर्न कुठल्या पार्टीचा? सांगितलं, पुण्याची पार्टी आहे. पाइप किती फुटी पाहिजेत ते कळव. मागं सरकायचं असेल तर तिच्यावर बसून सरक, स्टॉपर लावून देतो.

आणि सगळं परत शूट केलंत तरी तो आवाज मात्र जुनाच ठेवा. मागाहून ओरडून तसा यायचा नाही.

तुझा,
पप्पा

ता. क. भडंग वरच्या डब्यात आहे, खालच्यात मटणाचं लोणचं, ते त्या नागपूरच्या पोरीला दे. खाते का विचार आधी.