मधल्या फळीतल्या निवृत्त खेळाडूंच्या नोंदीसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या क्लबमधून पुढे जाऊन व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या कारकिर्दीची नीट नोंद करायचं काम कार्यकारिणीने हाती घेतलं आहे. त्यासाठी मदत हवी आहे. पैशांची थोडी, आठवणींची जास्त.

मधलीच फळी का? जुनी स्कोअरबुकं उघडली की गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला मारला, एवढंच सापडतं. चेंडू हिसकावून पुढे देणारा म्हणजे अकरा नावांतलं एक नाव. फ्रान्सचा मधल्या फळीतला खेळाडू क्लॉड माकेलेले, त्याचंच घ्या. फ्रान्सकडून ७१ सामने, गोल शून्य. २००३ साली स्पॅनिश लीग जिंकल्यावर रेआल माद्रिदने त्याला चेल्सीला विकलं आणि लीगच्या पुढच्या विजेतेपदासाठी त्यांना २००७ उजाडलं. (कारणं आणखीही होती, मान्य.) इकडे त्याला घेऊन चेल्सीने २००४-०५ची इंग्लिश लीग ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन जिंकली. आपल्याकडेही १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाचं नाव निघालं की पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे अंतिम सामन्यातले गोल आठवतात. त्या संघातला हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला, फॉर्च्युनातो फ्रँको क्वचितच.

जुने फोटो, कात्रणं, सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर द्या. प्रत काढून मूळ वस्तू परत करू. फोटोमागे नावं पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. कॅसेटला बुरशी दिसली तर ती लावून पाहू नका. टेप अडकून तुटली की सामना गेला.

चित्रण बघून पास, हिसकावलेले चेंडू टिपायला चिकाटीची माणसं हवीत. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. तरी कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू नसताना हा खेळाडू कुठे उभा होता, ते पाहणाऱ्यांनीच सांगायचं. विरुद्ध संघांतले जुने फॉरवर्ड तर जरूर या. कोणी किती छळलं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक!

देणगी फक्त कॅसेट आणि कागदपत्रांच्या डिजिटल प्रतींसाठी वापरली जाईल. रक्कम कितीही असो, पावती मागून घ्या. सरावाच्या वेळी मैदानावर सचिवांना भेटा. ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांनी निरोप धाडावा, आम्ही येऊ.

आपली,
क्लबची कार्यकारिणी