कोंडाळं आणि कळप

नाशिक

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

एकांकिकेतल्या पुढाऱ्याभोवतीच्या माणसांना तू सरसकट 'चमच्यांचा कळप' म्हटलं आहेस. चमचे ठीक, कळप खटकतो. खुशमस्करे गोल करून उभे राहतात, तोंडं आत, आणि जवळच्या जागेसाठी एकमेकांना कोपरं मारतात. ते कोंडाळं. कळप मेंढरांचा, तिथे प्रत्येकीचं तोंड पुढचीच्या शेपटाशी. सिन्नरकडे धनगरांची मेंढरं रस्ता ओलांडताना बघ; पहिलीने उडी मारली की मागच्याही तिथेच मारतात, चर असो नसो. गड्डरिकाप्रवाह तो हाच, गड्डरिका म्हणजे मेंढी. पण हा शब्द तुझ्या मास्तरांच्याच तोंडी शोभेल. बाजार समितीतला हमाल नुसतं 'मेंढरं' म्हणेल.

तिसऱ्या प्रवेशातले चौघं पुढाऱ्याचा शेवटचा शब्दच घोळवतात, म्हणजे ते झीलकरी. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो, हे मागून 'जी जी रं जी' करतात. त्यांना पूर्ण वाक्यं देऊ नकोस. दिलीस की ते भाट झाले; भाट स्वतः रचतो आणि बिदागी घेतो. न वाचता ठरावावर सह्या करणारे सभासद आहेत ना, त्यांच्यासाठी आपल्या रामकुंडावरचं 'मम म्हणणं' घे. संकल्प गुरुजी सांगतात, यजमानाने 'मम' म्हटलं की झालं.

तळी उचलणाऱ्यांना मात्र यात ढकलू नकोस. खंडोबाची तळी चारपाच जण मिळून 'येळकोट'च्या गजरात उचलतात. त्यात बाजू घेणं आहे, लाचारी असेलच असं नाही.

लांगूलचालन जपून. वर्तमानपत्रांत हल्ली सत्तेवरचे लोक एखाद्या गटाला चुचकारतात तेव्हा तो शब्द येतो. भर्तृहरीच्या श्लोकात उलटं आहे: घास देणाऱ्यापुढे कुत्रं शेपूट हलवतं, पाया पडतं, लोळून पोट दाखवतं; हत्ती मात्र शंभरदा मनधरणी करून घेतो, मग खातो. प्रेक्षकांना वर्तमानपत्री अर्थच आधी आठवेल. त्यापेक्षा 'गोंडा घोळणं' बरं, शेपूट तीच.

खोगीरभरती आणि बाजारबुणगे काढून टाक. एक खोगिरात कोंबलेला पेंढाचिंध्यांचा भरणा, दुसरे फौजेमागचे बिनलढाऊ लोक. दोन्हींत निरुपयोगी गर्दी आहे, खुशामत नाही.

चौथा प्रवेश अजून आला नाही. तो पाठव.

तुझे बाबा